यमुनेला बक्षीस कोण देणार?

मैत्रिणींनो, तुमच्या महिला मंडळाच्या प्रश्नमंजूषेत एक प्रश्न टाकून बघा. मराठीतली पहिली कादंबरी कोणती? कुणी ‘मुक्तामाला’ म्हणेल, कुणी ‘मोचनगड’, कुणी थेट हरिभाऊ आपट्यांचं नाव घेईल. मागच्या रांगेतल्या एखाद्या निवृत्त बाईच हळूच हात वर करून सांगतील, ‘यमुनापर्यटन’. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा, कारण उत्तर बरोबर आहे. साल १८५७, लेखक बाबा पदमनजी. आणि विषय कुठला माहीत आहे? राजेरजवाडे नाहीत, लढाया नाहीत. विषय आहे विधवा बायकांचा.

पुस्तकाचं पूर्ण नावच आहे ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. हे नाव वाचून कुणालाही वाटेल, अशा पुस्तकाला तर मानाचं पान मिळालं असेल! पण तसं काही झालं नाही. वाङ्मयाच्या इतिहासात त्याची नोंद आहे, परीक्षेला त्यावर चार ओळींची टीप येते, आणि तेवढ्यावरच त्याची बोळवण होते. का? तर पुस्तकाचा लेखक ख्रिस्ती, नायिका शेवटी ख्रिस्ती होते, म्हणून ते ‘प्रचाराचं पुस्तक’.

श्रद्धेची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकाला बक्षीस द्यावं की नाही? द्यायचं तर कशासाठी द्यायचं, श्रद्धेसाठी की गोष्टीसाठी? जगभर या प्रश्नावर वाद झालेले आहेत. आपल्या मराठीत तर त्याचं उत्तर थेट बायकांच्या आयुष्याशी येऊन भिडतं.

गिरगावातली शेजारपाजारची गोष्ट

गिरगाव म्हटलं की आपल्याला आठवतात चाळी, गणपती, गुढीपाडव्याची शोभायात्रा. पण याच गिरगावात खोताची वाडी आहे. लाकडी जिने आणि सज्जे असलेली तिथली जुनी घरं ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. घरात बोली मराठीच. शेजारी चाळीत आरती चाललेली, इकडे क्रुसापुढे मेणबत्ती लावलेली. प्रार्थना समाजाच्या बाजूला गेलात की सेंट तेरेसा चर्च. दादरला तर बसचा थांबाच ‘पोर्तुगीज चर्च’. मूळ चर्च १५९६ सालचं. आज दिसते ती इमारत मात्र १९७० च्या दशकातली, चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यावर उभी राहिलेली. परळच्या हाफकिन संस्थेची जुनी वास्तूही मुळात जेझुइट पाद्र्यांची. म्हणजे दक्षिण आणि मध्य मुंबईच्या मराठी वस्तीला ख्रिस्ती शेजार काही नवा नाही. नवा वाटतो तो फक्त आपल्या पुस्तकांच्या कपाटाला.

खरं तर त्या कपाटाचा पाया घालताना हा शेजारी हजर होता. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं आणि ते १६१६ मध्ये छापलं गेलं. तब्बल ११ हजारांच्या आसपास ओव्या! परदेशी माणसाने आपल्या ओवीत येशूची कथा सांगितली. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यांच्या छापखान्यात काम शिकलेल्या आपल्या माणसांनी पुढे स्वतःचे छापखाने काढले. निर्णयसागरचे जावजी दादाजी हे त्यांतलंच एक नाव. १८४१ मध्ये मुंबईच्या हरि केशवजी या पाठारे प्रभू गृहस्थांनी जॉन बन्यनच्या इंग्रजी रूपककथेचं ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी रूप केलं. १८४२ मध्ये नगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झालं आणि पुढे ते मुंबईत आलं.

मुलींच्या शिक्षणाचंही तेच. १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या मार्गारेट विल्सन या स्कॉटिश बाईंनी इथे मुलींच्या शाळा काढल्या. त्या काळात मुलीला अक्षर ओळखता आलं तर नवरा मरतो, असं घरोघरी सांगितलं जायचं. अशा वातावरणात मुलीला पाटी हातात घेऊन घराबाहेर काढणं काय सोपं असेल?

यमुना काय बघते?

आता मूळ गोष्टीकडे येऊ. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावला कासार कुटुंबात जन्मले. बेळगावच्या आणि मग मुंबईच्या मिशन शाळेत ते शिकले आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी लहानमोठी शंभरावर पुस्तकं लिहिली. १९०६ मध्ये ते वारले. ‘यमुनापर्यटन’ लिहिलं तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. विधवांच्या पुनर्विवाहाला परवानगी देणारा कायदा आदल्याच वर्षी, म्हणजे १८५६ मध्ये झाला होता. कायदा कागदावर आला, पण घरातल्या ओसरीवर काय चाललं होतं? ते पाहायला पदमनजींनी यमुनेला प्रवासाला पाठवलं.

यमुना लिहिता-वाचता येणारी बाई. नवरा विनायकराव समजूतदार. दोघंही मनातून ख्रिस्ती धर्माकडे झुकलेले, पण घरात उघड बोलायची चोरी. ती दोघं महाराष्ट्रात गावोगाव फिरतात. जिथे जातात तिथे यमुनेला कुणी ना कुणी विधवा भेटते. कुणाचं केशवपन झालेलं, कुणी एकवेळ जेवून कोपऱ्यात दिवस काढणारी, कुणाला फसवून वाऱ्यावर सोडलेलं. यमुना विचारपूस करते आणि बायका तिच्यापाशी बोलतात. बायका बाईपाशीच बोलतात ना! हीच या पुस्तकाची सगळ्यात मोठी ताकद. एका पुरुषाने लिहिलंय, पण ऐकणारा कान त्याने बाईचा ठेवला.

आणि मग प्रवासातच विनायकराव अपघातात जातो. आतापर्यंत दुसऱ्यांची दुःखं ऐकणारी यमुना स्वतः विधवा होते. घरचे तिचं केशवपन करायला निघतात. ती नाही म्हणते. पुढे ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करून संसार उभा करते.

१८५७ सालात हे लिहिणं म्हणजे काय, याचा विचार करा. नायिका विधवा होते आणि तरीही कादंबरी तिला मारून टाकत नाही, काशीला पाठवत नाही, विहिरीत ढकलत नाही. तिला दुसरा संसार मिळतो. यानंतर कितीतरी वर्षं मराठी कथा-कादंबऱ्यांतल्या विधवांच्या वाट्याला एवढं सुख आलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. पुस्तकात उपदेश आहे, आणि बराच आहे. काही पानांवर गोष्ट थांबते आणि प्रवचन सुरू होतं. पात्रं बोलायच्या ऐवजी वाद घालतात. ‘ख्रिस्ती झालं की सगळं सुटलं’ असा सूर शेवटी लागतो, तो आजच्या वाचकाला पटणार नाही. एखाद्या परीक्षकाने यावर बोट ठेवून गुण कापले तर त्यात चूक काही नाही. पण मग हाच नियम सगळ्यांना लावा! देशभक्तीचा उपदेश करणाऱ्या, संस्कारांचे पाठ देणाऱ्या, सुधारणेची भाषणं करणाऱ्या किती कादंबऱ्यांना आपण डोक्यावर घेतलं? तिथला उपदेश आपल्याला खटकला नाही, कारण तो आपल्या ओळखीचा होता.

चौपाटीवरचं घर

यमुनेची गोष्ट कागदावर होती. बत्तीस वर्षांनी गिरगाव चौपाटीवर ती खरी व्हायला लागली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी तिथे शारदा सदन उघडलं. रमाबाई स्वतः विधवा, संस्कृत पंडिता. इंग्लंडमध्ये १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी कोण? गोदूबाई. गिरगावात बिऱ्हाड असलेल्या नरहरपंत जोशींची बहीण. त्याच बिऱ्हाडात नरहरपंतांचे मित्र धोंडो केशव कर्वे राहत. पुढे कर्व्यांनी याच गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. आपण ज्यांना आनंदीबाई किंवा बाया कर्वे म्हणून ओळखतो, त्या याच. म्हणजे महर्षी कर्व्यांच्या घराची एक वाट या सदनाच्या दारातून गेली आहे.

सदन पुढच्याच वर्षी पुण्याला गेलं. तिथे धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठं वादळ झालं आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी छापखाना घातला. खिळे जुळवण्यापासूनचं काम तिथल्या बायका-मुली करत. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्यानंतर ते पूर्ण छापून आलं. सरकारने त्यांना १९१९ मध्ये कैसर-ए-हिंद पदक दिलं, पण ते समाजकार्यासाठी. त्यांच्या लेखणीचा मान मराठी वाङ्मयाने फार उशिरा, आणि तोही हातचं राखून केला.

लक्ष्मीबाईंच्या नावाचा पुरस्कार

असा हात आखडता न घेता मराठी वाचकांनी ज्या ख्रिस्ती लेखिकेवर मनापासून प्रेम केलं, त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

त्यांची ‘स्मृतिचित्रे’ तुमच्यापैकी अनेकींनी वाचली असतील, निदान एखादा धडा तरी. ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे. पण श्रद्धा बदलते तेव्हा घरातल्या बाईचं काय होतं, हे इतकं खरं मराठीतल्या कुठल्या कादंबरीनेही सांगितलेलं नाही. लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळं एवढं कडक की मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेलेली. नवरा नारायण वामन टिळक, म्हणजे कवी, विद्वान आणि तितकाच लहरी माणूस. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारलं होतं का? नाही! काही वर्षं दोघं वेगळी राहिली. लोक काय बोलले असतील, माहेरच्यांना काय वाटलं असेल, याचा अंदाज आजही आपल्याला करता येतो. कारण नवऱ्याच्या निर्णयाची किंमत बायकोने भरायची, ही रीत काही संपलेली नाही.

पण लक्ष्मीबाई नवऱ्यामागे मुकाट्याने गेल्या नाहीत. आधी त्या परत आल्या त्या स्वतःचं सोवळं सांभाळून. मग बघत बघत, विचार करत करत, जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नाही, हे त्यांचं त्यांना पटलं. तेव्हा कुठे १९०० च्या सुमारास त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली ती पाच वर्षं हाच त्या पुस्तकाचा गाभा आहे. आणि हे सगळं सांगताना त्या रडत नाहीत, स्वतःवरच हसतात. शाळेचं तोंड न पाहिलेली, जोडाक्षरांशी झुंजणारी बाई. तिने चार भागांतलं हे पुस्तक आयुष्याच्या संध्याकाळी सांगितलं-लिहिलं. १९३४ पासून ते छापून येऊ लागलं आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनीच पुढे नेऊन पुरं केलं.

विजया मेहतांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्मृतिचित्रे’वर चित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या. २०१७ मध्ये शिवाजी पार्कच्या शांता गोखले यांनी त्याचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणलं. आणि एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. महाराष्ट्र शासन दरवर्षी जे राज्य वाङ्मय पुरस्कार देतं, त्यांत कादंबरीचा पुरस्कार हरि नारायण आपट्यांच्या नावाने आहे, कवितेचा केशवसुतांच्या नावाने, आणि आत्मचरित्राचा लक्ष्मीबाई टिळकांच्या नावाने! आत्मचरित्र कुठल्याही जातिधर्माच्या माणसाचं असो, मराठीत त्याला मिळणारा सरकारी मान एका ख्रिस्ती बाईच्या नावाने मिळतो. तो तिला धर्मामुळे मिळाला नाही आणि धर्मामुळे नाकारलाही गेला नाही. तिने खरं लिहिलं, एवढं पुरलं.

जगात काय चालतं?

ख्रिस्ती श्रद्धेभोवती फिरणाऱ्या कादंबऱ्यांना वेगळे पुरस्कार असावेत का? अमेरिकेत ते आहेत. १९९९ मध्ये तिथल्या ख्रिस्ती प्रकाशकांनी ‘ख्रिस्टी पुरस्कार’ सुरू केले. नाव कुठून आलं ते बघा. कॅथरिन मार्शल या लेखिकेने १९६७ मध्ये ‘ख्रिस्टी’ नावाची कादंबरी लिहिली. डोंगराळ, गरीब मुलखात एकटी शिकवायला गेलेली एक तरुण मास्तरीण ही तिची नायिका. ही मास्तरीण लेखिकेच्या आईवरून रंगवलेली. आईची गोष्ट लेकीने लिहिली, आणि त्या नायिकेच्या नावाने पुरस्कार उभा राहिला. आपल्याकडे आजीने सांगितलेल्या गोष्टी वहीत उतरवून ठेवणाऱ्या कितीतरी लेकी-सुना आहेत. त्यांना हे वाचून हुरूप यावा.

अशा वेगळ्या पुरस्कारांचा फायदा हा की दुर्लक्षित पुस्तकांना वाचक मिळतो. तोटा हा की पुस्तक आपल्याच अंगणात राहतं. घरच्या समारंभात घरच्याच माणसाचा सत्कार, शेजाऱ्याला पत्ताच नाही.

दुसरी वाट आहे ती सगळ्यांच्या रांगेत उभं राहण्याची. नॉर्वेच्या सिग्रिड उंडसेट यांना १९२८ मध्ये नोबेल मिळालं, ते मुख्यतः मध्ययुगातल्या जीवनाच्या त्यांच्या चित्रणासाठी. त्यांच्या तीन भागांच्या कादंबरीची नायिका क्रिस्टिन ही मध्ययुगातली शेतकऱ्याघरची बाई. बापाच्या मनाविरुद्ध लग्न करते, पोरंबाळं वाढवते, चुकते, पस्तावते, देवाशी भांडते. उंडसेटबाईंनी सोळाव्या वर्षापासून दहा वर्षं कचेरीत नोकरी केली आणि रात्री लिखाण. पुढे १९४० मध्ये युद्धात सापडलेल्या फिनलंडच्या मदतीसाठी त्यांनी आपलं नोबेलचं पदकच देऊन टाकलं. अमेरिकेच्या मेरिलिन रॉबिन्सन यांच्या ‘गिलियड’ला २००५ मध्ये पुलित्झर मिळालं. त्यात एका खेड्यातला म्हातारा पाळक आपल्या लहान मुलाला एक लांबलचक पत्र लिहितो, एवढीच गोष्ट. श्रद्धा पानोपानी आहे, पण वाचणाऱ्याला कुणी धर्माचा धडा देत नाही.

शेजारच्या गोव्यात

फार लांब कशाला, आपल्या शेजारीच बघा. गोव्याच्या मजोर्ड्याचे दामोदर मावजो. गावात त्यांचं दुकान, आजूबाजूला ख्रिस्ती वस्ती. दुकानात येणाऱ्या बायकांची बोलणी ऐकत हा हिंदू माणूस वाढला आणि त्याने कोकणीत ‘कार्मेलीन’ लिहिली. कार्मेलीन ही गोव्यातली गरीब ख्रिस्ती बाई. नवरा धड नाही, पदरात मुलगी. घर चालवायला ती कुवेतला लोकांच्या घरी राबायला जाते. तिकडे तिच्यावर काय गुदरतं आणि इकडे गाव तिच्या पाठवलेल्या पैशावर जगत तिलाच कसं नावं ठेवतं, हे सगळं त्यात आहे. देवळात जाऊन गुडघे टेकणारी ही बाई पापपुण्याचा हिशेब मांडते तो कुठल्याही पोथीत सापडणार नाही. १९८३ मध्ये या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ च्या डिसेंबरात मावजोंना ज्ञानपीठ जाहीर झालं.

म्हणजे ख्रिस्ती बाईची गोष्ट लिहायला लेखक ख्रिस्तीच हवा असंही नाही. शेजाऱ्याने कान देऊन ऐकलं तर त्यालाही ती साधते.

आणि आपल्या व्यासपीठावर?

मराठीत १९२० च्या दशकापासून ख्रिस्ती साहित्य संमेलनं भरत आली आहेत. वसईत ‘सुवार्ता’, जेझुइटांचं १९०३ पासूनचं ‘निरोप्या’ अशी मासिकं चालली. सिसिलिया कार्व्हालो, अनुपमा उजगरे यांच्यासारख्या लेखिका मराठीत सातत्याने लिहीत आल्या. पण मोठ्या मांडवात त्यांच्यासाठी किती खुर्च्या होत्या?

२०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. वसईजवळच्या नंदाखालचा हा माणूस. वर्षानुवर्षं ‘सुवार्ता’चं संपादन, हरित वसईसाठी लढा, बायबलचं सोप्या मराठीत ‘सुबोध बायबल’. तरी निवड जाहीर होताच ‘पाद्री कशाला अध्यक्ष?’ म्हणून काहींनी आक्षेप घेतले. मराठीत संतपरंपरेवर भरभरून बोलणाऱ्या या लेखकाला आपलं मराठीपण सिद्ध करायला लागावं, याचं वाईट वाटतं. अखेर जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ व्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते उभे राहिले. २५ जुलै २०२४ रोजी ते आपल्यातून गेले.

त्याच व्यासपीठाचा आणखी एक हिशेब आपल्या पुरवणीत मांडायलाच हवा. १८७८ मध्ये या संमेलनांची सुरुवात झाली. त्यात स्त्री अध्यक्ष किती झाल्या? १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे, मग दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. अवघ्या सहा! म्हणजे मान द्यायचा म्हटलं की बाईच्या बाबतीतही आणि अल्पसंख्य माणसाच्या बाबतीतही आपल्याकडे आधी ‘पण’ येतो. ‘चांगलं लिहितात हो, पण...’ या ‘पण’मध्येच यमुना अडकून पडली आहे.

मग कसोटी कुठली?

समजा, परीक्षकांच्या खुर्चीत तुम्हीच आहात. पुढ्यात एक कादंबरी आहे, तीत चर्च आहे, पाळक आहे, उपासना आहे. काय बघाल? आधी हे बघा की माणसं जिवंत आहेत का. श्रद्धेमुळे त्यांना काही गमवावं लागतं का, की सगळं आयतं मिळतं? लक्ष्मीबाईंनी पाच वर्षं गमावली, यमुनेने घर गमावलं, कार्मेलीनने गावातली पत गमावली. ज्या गोष्टीत श्रद्धेची काहीच किंमत मोजावी लागत नाही, ती गोष्ट फार तर भाषण असते. मग हे बघा की लेखकाला शंका घेणाऱ्याबद्दलही माया आहे का. न मानणाऱ्या सासूला त्याने नुसती दुष्ट केलं असेल, तर त्याचं पुस्तक अर्धंच लिहून झालंय. आणि शेवटी तुमच्या घरातल्या देवघराची, तुमच्या उपासाची, तुम्ही आईच्या धाकाने पाळलेल्या आणि स्वतःच्या मनाने सोडलेल्या रीतींची आठवण ते पुस्तक वाचताना झाली का? झाली असेल तर धर्म कुठला का असेना, बक्षीस देऊन टाका.

या कसोटीवर ‘यमुनापर्यटन’ला पैकीच्या पैकी गुण मिळणार नाहीत. शेवटच्या भागात ते घसरतं. पण विधवा भेटतात ती पानं आजही वाचवत नाहीत, इतकी खरी आहेत. पहिलटकरणीच्या पहिल्या बाळंतपणाला आपण नावं ठेवतो का? ही तर मराठी कादंबरीची पहिलटकरीण!

आणि खरं सांगू? पुरस्कार देणाऱ्या समित्या मुंबई-दिल्लीत बसतात, पण पुस्तक जगतं ते तुमच्या गावच्या वाचनालयात. ‘स्मृतिचित्रे’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळणं शक्यच नव्हतं. १९५५ मध्ये हे पुरस्कार द्यायला सुरुवात झाली तेव्हा लक्ष्मीबाईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तरी ते पुस्तक मेलं नाही. कारण आईने लेकीला, बाईंनी विद्यार्थिनीला, मैत्रिणीने मैत्रिणीला ते दिलं.

तर एक करा. पुढच्या वेळी वाचनालयात गेलात की दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यापलीकडचं जुनं कपाट उघडायला सांगा. ‘यमुनापर्यटन’ आहे का विचारा. नसेल तर ग्रंथपालांना मागणीच्या वहीत नाव लिहून ठेवायला सांगा. एकीने मागितलं तर विसरतात, चौघींनी मागितलं तर आणतात, हा सगळ्या वाचनालयांचा अनुभव आहे. ‘स्मृतिचित्रे’ तर नक्की मिळेल. भिशीच्या दिवशी पंधरा मिनिटं काढून त्यातली दोन पानं मोठ्याने वाचा. गावात ख्रिस्ती शेजारीण असेल तर तिलाही बोलवा. नाताळचा केक आणि दिवाळीचा फराळ आपण वर्षानुवर्षं एकमेकींच्या घरी पोचवतो, मग पुस्तकाची देवाणघेवाण का नको?

आणि हो, वाचून झाल्यावर तुम्हाला यमुना कशी वाटली ते एकमेकींना जरूर सांगा. केशवपनाला ‘नाही’ म्हणणारी मराठी कादंबरीतली ती पहिली बाई. तिच्याबद्दल आपण बोललो, भांडलो, तिला नावं ठेवली तरी चालेल. नुसत्या चार ओळींच्या टिपेत मात्र तिला पुन्हा बंद करू नका.